सूना महाल आणि त्याची भावंडे

लग्नकार्यासाठी, दवाखान्यासाठी किंवा मुलांच्या नोकरीच्या निमित्ताने मुंबईला गेलेला इंदूरकर एक संध्याकाळ तरी मरीन ड्राइव्हवर काढतोच. कठड्यावर बसायचे, शेंगदाण्याची पुडी संपवायची आणि सूर्य बुडाला की उठायचे. या सगळ्या वेळात आपले तोंड समुद्राकडे असते आणि पाठ इमारतींकडे. वाचकांनी पुढच्या खेपेला पाच मिनिटे उलटे बसून पाहावे, एवढ्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. समुद्र गणपतीपुळ्यालाही भेटतो. त्या पाठीमागच्या रांगेसारखी रांग मात्र देशात दुसरी नाही.

चर्चगेटकडून येणारा रस्ता जिथे समुद्राला मिळतो, त्या कोपऱ्यावर पिवळ्या रंगाची आणि गडद तांबूस पट्ट्यांची एक इमारत उभी आहे. तिचा कोपरा टोकदार नाही. तो गोल वळवून घेतलेला आहे आणि त्या वळणाच्या अगदी माथ्यावर, गच्चीच्याही वर, एक छोटा गोल मनोरा आहे. इमारतीचे नाव सूना महाल. आपण हिंदी मुलुखात वाढलेलो, त्यामुळे नाव ऐकताच ‘ओसाड महाल’ असा अर्थ मनात येतो. पण सूना हे पारशी बायकांचे नाव आहे, आपल्याकडच्या सोनाबाईच्या जवळचे. १९३७ साली ही इमारत बांधली गेली आणि तिचा आराखडा केला तो गजानन बाबुराव म्हात्रे या मराठी वास्तुविशारदाने.

महाल म्हटला की राजा आला, सिंहासन आले. इथे त्यातले काहीच नाही. एका जिन्याभोवती अनेक कुटुंबांनी राहावे म्हणून बांधलेली ही इमारत. दुसरे महायुद्ध पेटण्याआधीच्या आठ-दहा वर्षांत अशा इमारती मुंबईत झपाट्याने उभ्या राहिल्या आणि सुखवस्तू माणसाने कसे राहावे याची कल्पनाच त्यांनी बदलून टाकली. आज आपण सगळेच फ्लॅटमध्ये राहतो किंवा राहू पाहतो. त्या राहणीचा मोठा उगम या रांगेत आहे.

जमीन कुठून आली

शंभर वर्षांपूर्वी सूना महालाच्या जागी पाणी होते. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ सालचे. त्यांच्या समोर मैदान, मैदानापलीकडे बी. बी. सी. आय. रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे समुद्र, अशी ती रचना होती. इंग्रजांनी आपल्या भव्य दगडी इमारती समुद्राकडे तोंड करून बांधल्या होत्या.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची टंचाई फार वाढली. तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली त्यासाठी खास विकास खाते उघडले आणि बॅकबेच्या उथळ समुद्रात भर घालण्याची जुनी योजना पुन्हा हाती घेतली. बेत ११४५ एकर जमीन काढण्याचा होता. समुद्राच्या तळाचा गाळ यंत्राने उपसायचा आणि बांधलेल्या भिंतीच्या आत नेऊन टाकायचा. कागदावर हिशेब ठीक होता. प्रत्यक्षात गाळ अंदाजापेक्षा कमी निघाला, टाकलेला गाळ भिंतीतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला आणि खर्च मात्र थांबेना. लोकांनी या योजनेला ‘लॉइडचा मूर्खपणा’ असे नाव ठेवले. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने त्यातला गैरकारभार जाहीरपणे मांडला. हार्वे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन त्यातून निर्दोष सुटले आणि रातोरात मुंबईकरांच्या गळ्यातले ताईत झाले.

शेवटी ठरवलेल्या जमिनीपैकी निम्मीसुद्धा हाती आली नाही, आणि जी आली तिचाही मोठा हिस्सा लष्कराकडे गेला. उरलेल्या पट्ट्यावर ओव्हलच्या पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्हची रांग उभी आहे. ज्या रस्त्याच्या टोकाला सूना महाल आहे, त्या चर्चगेट स्ट्रीटचे आजचे नाव वीर नरिमन रोड. समुद्रात पैसे बुडवल्याचा जाब ज्याने विचारला, त्याच्याच नावाचा रस्ता त्या भरीव जमिनीच्या मधून जातो. खुद्द मरीन ड्राइव्हच्या बांधकामाशी पालनजी मिस्त्री यांच्याबरोबर भागोजीशेठ कीर यांचे नाव जोडले जाते. रत्नागिरीत १९३१ साली सर्वांना खुले असलेले पतितपावन मंदिर बांधून देणारे भागोजीशेठ ते हेच.

चाळ, बंगला आणि ब्लॉक

या इमारती येण्याआधी मुंबईत राहण्याचे मार्ग ठरलेले होते. फार श्रीमंत माणूस मलबार हिलवर किंवा खंबाला हिलवर बंगल्यात राही. व्यापारी काळबादेवी-भुलेश्वरकडे खाली पेढी आणि वर घर अशा दाटीच्या इमारतींत राही. कारकून गिरगावच्या चाळीत आणि गिरणी कामगार परळ-लालबागच्या चाळीत राही. अनेक बिऱ्हाडांनी एका छपराखाली राहायचे म्हणजे चाळ, हे समीकरण पक्के होते. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीची भीती मनात घातली होती. पैसेवाल्याने दुसऱ्याच्या भिंतीला भिंत लावून, एका जिन्याने वर-खाली करत राहावे, ही कल्पना म्हणूनच कमीपणाची वाटे.

ही अडचण एकट्या मुंबईची नव्हती. अमेरिकेत न्यूयॉर्कलाही १८८० पर्यंत हेच होते. तिथले गरीब लोक कोंदट इमारतींत दाटीने राहत, आणि श्रीमंताचे घर म्हणजे स्वतंत्र घर. तेव्हा शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीचे एडवर्ड क्लार्क यांनी सेंट्रल पार्कच्या कडेला, त्या काळच्या गावाबाहेर, ‘डकोटा’ नावाची मोठी इमारत बांधायला घेतली. वास्तुविशारद होते हेन्री हार्डनबर्ग. १८८४ मध्ये ती पुरी झाली तेव्हा तिच्यात ६५ बिऱ्हाडांची सोय होती. मध्ये चौक, घोडागाडी आत येईल असा दरवाजा, वर न्यायला लिफ्ट. बंगल्याचा आराम द्यायचा, पण बंगल्याचा व्याप मात्र माथी मारायचा नाही, हा तिचा मंत्र. क्लार्क १८८२ लाच वारले, त्यांना ती पुरी झालेली पाहता आली नाही. पण त्यांची अटकळ खरी ठरली. पुढच्या ५० वर्षांत न्यूयॉर्कच्या श्रीमंतांची राहणी अशा इमारतींकडे वळली.

मुंबईत तोच बदल १९३० नंतर झाला आणि तो आपल्या पद्धतीने झाला. इथे शंका निराळ्या होत्या. स्वयंपाकघरात सोवळे कसे राखायचे? संडास घराच्या आत म्हणजे काय? वरच्या मजल्यावर कोण राहणार आणि खालच्यावर कोण? त्या काळच्या मराठी माणसाने या घराला ‘ब्लॉक’ म्हटले, आणि मुंबईच्या आपल्या नातेवाइकांच्या तोंडी परवापरवापर्यंत हाच शब्द होता. स्वतःचे न्हाणीघर, स्वतःचा संडास, दार लावले की आपण आणि आपले घर, हा ब्लॉकचा अर्थ. चाळीत दार दिवसभर उघडे असे, ब्लॉकचे दार बंद असे. या एका फरकात बरेच काही मिळाले आणि थोडे गेलेही.

सगळेच गौरवाचे होते असे मात्र नाही. अशा अनेक इमारतींना मागच्या बाजूला दुसरा जिना असे. त्याने नोकर येत आणि संडास साफ करणारे येत. पुढचा जिना संगमरवरी, मागचा लोखंडी आणि उघडा. इमारत नव्या युगाची होती, पण कोणी कुठून यायचे हा हिशेब जुनाच राहिला. कौतुक करताना हा मागचा जिनाही पाहायला हवा.

सूना महाल नीट पाहू

ज्या शैलीत सूना महाल बांधला आहे, तिला आज आर्ट डेको म्हणतात. १९२५ साली पॅरिसमध्ये सजावटकलेचे मोठे प्रदर्शन भरले, त्यावरून हे नाव पुढे पडले. सूना महाल बांधणाऱ्यांच्या तोंडी तो शब्द नव्हता, तो १९६० नंतर रूढ झाला. ते आपले ‘नव्या पद्धतीची इमारत’ म्हणत असतील.

नवे काय होते ते कोपऱ्यावर उभे राहिले की कळते. भूखंड दोन रस्त्यांच्या सांध्यावर आहे. सामान्य बांधणाऱ्याने दोन सरळ भिंती कोपऱ्यात भिडवल्या असत्या. म्हात्र्यांनी कोपऱ्यालाच इमारतीचे तोंड केले. दोन्ही रस्त्यांवरच्या बाजू आडव्या पट्ट्यांनी वाहत येतात, गोल वळणावर एक होतात आणि तिथून नजर उभ्या रेषेने वरच्या मनोऱ्याकडे जाते. आडव्या रेषा इमारतीला समुद्रावरच्या जहाजाची गती देतात आणि उभी रेषा तिला डोलकाठी देते. तो काळ आगबोटीचा होता. विलायतेला शिकायला, व्यापाराला जाणारा प्रत्येक जण बोटीने जाई, आणि आधुनिक, वेगवान, नीटनेटके असे जे काही होते त्याचे चित्र लोकांच्या मनात बोटीचेच होते. म्हणून या रांगेतल्या इमारतींवर बोटीसारखे नळीचे कठडे, गोल खिडक्या आणि डेकसारख्या गच्च्या दिसतात.

पण ही नुसती नक्कल नाही. प्रत्येक खिडकीवरून एक पातळ छज्जा बाहेर आलेला दिसतो, डोळ्यावरच्या भुवईसारखा. पॅरिसला त्याची गरज नव्हती. मुंबईला होती, कारण तिथे एप्रिलचे ऊन आणि जुलैचा आडवा पाऊस दोन्ही सोसायचे असतात. पश्चिमेचा वारा घरात यावा म्हणून गॅलऱ्या समुद्राकडे काढल्या. खोल्या अशा मांडल्या की हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाईल. परदेशी शैली मुंबईच्या हवेत बसवताना तिला जे फेरफार करावे लागले, त्यांतूनच तिचे मुंबईपण आले.

म्हात्रे १९०२ साली जन्मले आणि १९७३ मध्ये वारले. मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते पुढे लंडनला गेले. परत आल्यावर त्यांनी मुंबईत राहत्या घरांच्या पुष्कळ इमारती केल्या. वास्तुविशारद कमू अय्यर यांनी २००० साली त्यांच्या कामावर एक इंग्रजी पुस्तक सिद्ध केले, तेव्हा कुठे त्यांचे नाव अभ्यासकांच्या पलीकडे पोहोचले. सिनेमा थिएटर किंवा राजवाडा बांधणाऱ्याचे नाव लोकांना माहीत असते. राहण्याची घरे बांधणाऱ्याचे नाव त्या घरात राहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. या माणसाची स्मृती मराठी समाजाने जपायला हवी असे आम्हाला वाटते.

सिमेंटची दुनिया

जुन्या मुंबईचे वैभव दगडाचे होते. दगड भारी, घडवायला वेळखाऊ, आणि त्याच्या भिंती जाड. लोखंडी सळ्या आणि सिमेंट-काँक्रीट हाती आल्यावर भिंतीवरचे ओझे खांबांवर आणि तुळयांवर गेले. भिंत पातळ झाली, खिडकी रुंद झाली, छज्जा खालून आधार न देता बाहेर काढता आला आणि कोपरा वाटेल तसा वळवता आला. सूना महालाचा तो गोल कोपरा काँक्रीटशिवाय एवढ्या सहजतेने आला नसता.

हे काँक्रीट लोकांच्या गळी उतरवायला १९२७ पासून काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काम करत होती. १९३६ मध्ये देशातल्या अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. झाली. फरशीही स्वदेशी झाली. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेली भारत टाइल्स ही कंपनी स्वदेशीच्या विचारातूनच निघाली होती, आणि रंगीत नक्षीच्या तिच्या सिमेंट टाइल्स त्या काळच्या कितीतरी दिवाणखान्यांत बसल्या.

काळ लक्षात घ्या. १९३० साली याच मुंबईत मिठाचा सत्याग्रह झाला. १९३७ साली, म्हणजे सूना महाल बांधला गेला त्याच वर्षी, प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे बसली. राज्य इंग्रजांचे होते, पण भूखंड घेणारे आपले, आराखडा काढणारे पुष्कळसे आपले, सिमेंट आपले, गवंडी आपले, आणि राहायला येणारेही आपले. पारशी, गुजराती, मारवाडी, सिंधी, मुसलमान मालकांच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. वास्तुविशारदांची संघटनाही १९१७ साली जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली, तीच १९२९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. तिने १९३७ मध्येच मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले. नव्या ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर कसे असावे, फर्निचर कसे असावे, दिवे कुठे असावेत, हे पाहायला लोकांची रीघ लागली होती.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहिले की हा फरक एका नजरेत दिसतो. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि २८० फुटी राजाबाई टॉवर. दगडी, टोकदार, गंभीर. पश्चिमेला फिकट रंगांची, गोलाईच्या गॅलऱ्यांची, पाच मजली राहत्या घरांची रांग. एका बाजूला सरकारने प्रजेला धाक वाटावा म्हणून बांधलेले, दुसऱ्या बाजूला प्रजेने स्वतःला सुख व्हावे म्हणून बांधलेले. नावेही पाहण्यासारखी आहेत. एम्प्रेस कोर्ट, क्वीन्स कोर्ट, विंडसर हाऊस आणि त्याच रांगेत शिवशांती भुवन, स्वस्तिक कोर्ट. राणी आणि शिव शेजारी नांदत होते.

देखणेपणाचे रहस्य

या इमारतींवरचे नक्षीकाम पाहून लोक भुलतात. उगवत्या सूर्याचे किरण, गोठलेल्या कारंज्याची आकृती, फाटकावरची ठसठशीत इंग्रजी अक्षरे. ती सुरेख आहेतच. पण आमच्या मते खरे रहस्य निराळे आहे. मरीन ड्राइव्हची एकच इमारत उचलून आपल्या ए. बी. रोडवर आणून ठेवली तर कदाचित कोणी मान वर करून पाहणारही नाही. ती शोभते रांगेत. इमारती किती उंच न्यायच्या आणि रस्त्यापासून किती मागे ठेवायच्या, हे आधीच ठरवून दिलेले होते. त्यामुळे कोणी कोणाचा वारा अडवला नाही, कोणी शेजाऱ्याच्या डोक्यावर चढले नाही. ज्याला वेगळेपण दाखवायचे त्याने गॅलरीच्या वळणात, रंगात, फाटकात दाखवले. पैसा होता, तरी त्याला शिस्तीची मर्यादा होती. वाडा संस्कृतीत आपण ज्याला आब म्हणतो, तो हाच.

आम्ही नोकरीच्या निमित्ताने नकाशे आणि अंदाजपत्रके यांच्यात वर्षे काढली आहेत. नियम म्हणजे अडथळा, हे वाक्य दिवसातून चार वेळा कानी पडते. ज्यांना तसे वाटते त्यांनी ही रांग जरूर पाहावी. नियम समजून घेतला आणि सगळ्यांनी सारखा पाळला, तर त्यातून काय निर्माण होते, त्याचा तीन-साडेतीन किलोमीटर लांबीचा पुरावा तिथे उभा आहे.

दादरपर्यंत

श्रीमंतांच्या या नव्या राहणीचे पाणी लवकरच खाली झिरपले. मुंबईच्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली होती. १९२५ साली खुल्या झालेल्या माहीम पार्कला १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, शिवाजी पार्क नाव मिळाले. त्याच्या भोवती आणि हिंदू कॉलनीत दोन-तीन मजल्यांच्या, गोल गॅलऱ्यांच्या आणि पट्ट्यांच्या इमारती उठल्या. मरीन ड्राइव्हच्या त्या धाकट्या बहिणी. संगमरवराऐवजी मोझेक, लिफ्टऐवजी जिना, समुद्राऐवजी मैदान. पण उजेड तोच, वारा तोच आणि बंद दारामागचा एकांतही तोच. मराठी शिक्षक, डॉक्टर, वकील, लेखक, नट इथे राहायला आले. मराठी मध्यमवर्गाने पुढे जे नाटक, साहित्य, क्रिकेट आणि राजकारण केले, त्यातला मोठा भाग या गॅलऱ्यांच्या आसपास घडला. आपल्यापैकी अनेकांचे मामा, काका, आत्या त्या ब्लॉकांत राहत. सुट्टीत जाऊन आलेल्यांना ती थंडगार फरशी आठवत असेल.

गोठलेले भाडे

मग युद्ध आले. सिमेंट आणि पोलादावर नियंत्रण आले आणि बांधकामे मंदावली. मुंबईत माणसांचे लोंढे आले, भाडी भडकू लागली. भाडेकरूंच्या रक्षणासाठी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० ला जे भाडे होते तेच प्रमाण मानले गेले. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा अर्धशतक टिकला. २००० साली त्याच्या जागी नवा कायदा आला.

याचे परिणाम दुहेरी झाले. समुद्रासमोरच्या ऐसपैस ब्लॉकचे भाडे महागाईत नाममात्र झाले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू आपल्या खिशातून करीना. खाऱ्या हवेने सळ्या गंजल्या, छज्जे फुटले, पागडीचे व्यवहार वाढले. गॅलऱ्या खिडक्यांनी बंद झाल्या, गोल कोपऱ्यांवर वातानुकूलन यंत्रांचे डबे लटकले. पण याच कायद्यामुळे भाडेकरूला उठवता येईना, आणि भाडेकरू उठल्याशिवाय इमारत पाडता येईना. म्हणजे ज्या कायद्याने या इमारतींची रया घालवली, त्यानेच त्यांचा जीवही वाचवला. नाहीतर एवढ्या मोलाच्या जमिनीवर पाच मजल्यांची इमारत कोणी ठेवली असती?

१९९५ मध्ये मुंबईत वारसा-जतनाची नियमावली आली, देशातल्या पहिल्या नियमावलींपैकी ती एक. पुढे ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या रहिवाशांच्या संघटनांनी पुढाकार घेतला. आभा नारायण लांबा यांच्या कार्यालयाने प्रस्ताव तयार केला. ३० जून २०१८ रोजी बहारीनच्या मनामा शहरात भरलेल्या बैठकीत ओव्हलच्या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्ह मिळून ९४ इमारतींचा हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. घारापुरी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनंतरचा मुंबईचा हा तिसरा मान. यादीतल्या बहुतेक वास्तू म्हणजे देवळे, किल्ले, राजवाडे. इथे मात्र गॅलरीत कपडे वाळत घालणारी घरे त्या यादीत गेली.

आपल्या गावात

वाचक म्हणतील, मुंबईची ही कथा इंदूरच्या गणेशोत्सवात कशासाठी? त्याला कारण आहे. मुंबईत या इमारती उठत होत्या त्याच वर्षांत, १९३० ते १९३३ दरम्यान, आपल्या यशवंतराव होळकर महाराजांनी माणिकबाग उभारली. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस वयाने ऐन पंचविशीतला, महाराज त्याहून तरुण. सरळ रेषा, मोठ्या खिडक्या, घर थंड ठेवणारी यंत्रणा आणि युरोपातल्या नामांकित कलावंतांनी घडवलेले सामान. त्या काळी देशात याच्या तोडीचे आधुनिक घर क्वचितच असेल. १९८० साली त्यातल्या वस्तूंचा मोनॅकोत लिलाव झाला आणि खुर्च्या-दिवे जगभरच्या संग्रहांत पांगले. इमारतीत आज केंद्र सरकारच्या कर खात्याचे कार्यालय आहे. आपल्यातले कित्येक जण तिथून जातात, पण हे काय आहे ते नव्या पिढीला सांगायला मात्र कोणी थांबत नाही.

त्याही आधी, १९१८ मध्ये, पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाने इंदूर दरबारला नगररचनेचा विस्तृत अहवाल दिला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढू नका, जे टिकण्यासारखे आहे ते ठेवा, नेमके तेवढेच काढा आणि उजेड-वारा आत येऊ द्या, असे त्यांचे सांगणे होते. गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला गेले. उजेड आणि वारा हा सूना महालाच्या रांगेचा मंत्र आपल्या गल्ल्यांसाठी त्याच्याही १९ वर्षे आधी लिहून ठेवलेला होता.

राजवाडा १९८४ च्या आगीत होरपळला आणि पुन्हा उभा केला गेला, कारण तो सर्वांचा होता. आपल्या घरांचे तसे नाही. रस्तारुंदीकरणात दर्शनी भाग गेले, वाटण्यांत चौक गेले आणि उरलेले वाडे आणि जुन्या इमारती एकेक करून बिल्डरच्या करारनाम्यात जात आहेत. मुंबईला निदान कायद्याने, भले अपघाताने, ५० वर्षे थांबवून ठेवले. आपल्याकडे तसा कोणी अडवणारा नाही. अडवायचे तर घरच्यांनीच.

प्रत्येक जुने घर ठेवता येणार नाही, हे आम्हालाही कळते. भावंडे पाच, जिना मोडका, पावसात गळती, आणि समोर रोख रक्कम. तरीही सही करण्याआधी तीन गोष्टी करता येतात. घराचा मोजमापांसह नकाशा काढून ठेवावा. जिना, कोनाडे, फरशी, फाटक यांची छायाचित्रे काढावीत. आणि घर कोणी बांधले, कोणत्या साली बांधले, कोणत्या गवंड्याने आणि कोणत्या सुताराने हात लावला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. हे काम आपले मंडळही हाती घेऊ शकते. दरवर्षी दहा घरे घेतली तरी काही वर्षांत इंदूरच्या मराठी घरांची एक चांगली नोंदवही तयार होईल. एखादे घर ठेवण्यासारखे आहे हे कळायलासुद्धा आधी ते नीट पाहावे लागते. म्हात्र्यांचे नाव त्यांच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी पुस्तकात आले. आपल्या गवंड्या-सुतारांची नावे त्याआधी यावीत.